टाकाऊपासून माल बनवताय? कोल्हापुरात सरकारी सवलती पदरात पाडून घ्यायच्या कशा

कोल्हापूर जिल्ह्यात टाकाऊ मालाला तोटा नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्या, म्हणजे धातू ओतकामाचे कारखाने, भंगार वितळवूनच कास्टिंग काढतात. इचलकरंजीत सुताचा वेस्ट आणि चिंध्या निघतात, साखर कारखान्यांकडे बगॅस (उसाचा चोथा) आणि प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) असतो, शिवारात पाचट असतं आणि शहरात रोजचं प्लास्टिक. हा माल उचलून त्यातून विकाऊ वस्तू बनवणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यावर सबसिडी किती?"

प्रश्न असा विचारला की उत्तर हमखास अर्धवट मिळतं, कारण 'रिसायकल मालासाठी' म्हणून सगळं एका जागी देणारी योजनाच नाही. काही सवलती कारखान्याच्या जागेवर मिळतात, काही मालावर, काही उद्योजक कोण आहे त्यावर. शिवाय मोठ्या कंपन्यांवर कायद्याने टाकलेल्या जबाबदारीमुळे तुमच्या मालाला गिऱ्हाईक मिळतं, तोही एक लाभच. हे सगळं योग्य क्रमाने एकमेकांत बसवावं लागतं. क्रम चुकला तर पात्र असूनही पैसे मिळत नाहीत, म्हणून या लेखात रकमांपेक्षा क्रमाला जास्त जागा दिली आहे.

आधी माल पक्का करा

काय घेणार, काय बनवणार आणि कुणाला विकणार, हे एका पानावर लिहून काढा. 'प्लास्टिक रिसायकलिंग' एवढं लिहून भागत नाही. दाणा बनवणार, पाईप बनवणार की पेव्हर ब्लॉक, यावर पुढची परवानगी, कराचा दर आणि योजना ठरते.

इथेच एक मोठी अडचण आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या, म्हणजे पीएमईजीपीच्या, नकार यादीत पातळ पॉलिथिन पिशव्या आहेत. खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी किंवा बांधून देण्यासाठी पुनर्वापरित प्लास्टिकच्या पिशव्या आणि डबे बनवणंही त्याच यादीत आहे. त्यामुळे प्रकल्प अहवालात 'फूड कंटेनर' हा शब्द गेला की अर्ज तिथेच अडू शकतो. तेच प्लास्टिक बागेची कुंडी किंवा केबलचं आवरण होणार असेल तर ही आडकाठी येत नाही. पुनर्वापरित प्लास्टिकसाठी आयएस १४५३४ हे भारतीय मानक आहे. मालावरची खूण आणि लेबल त्यानुसार ठेवायचं असतं, हे साचा बनवून घेतानाच डाय मेकरला सांगून ठेवा.

जागा: हद्दीच्या अलीकडे की पलीकडे?

महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आली आहे. उद्योग मुंबई-पुण्याबाहेर जावेत हा तिचा हेतू. तिच्यात तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट आहेत. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त आणि तिची मुदतही लांब. म्हणूनच करवीर, हातकणंगले, शाहूवाडी, चंदगड यांना एकच गणित लागू करू नका. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आपल्या तालुक्याचा आजचा गट विचारा आणि ज्या शासन निर्णयात तो दिला आहे त्याची प्रत मागून घ्या. २०१९ च्या योजनेची मूळ मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, त्यामुळे जुनं माहितीपत्रक हातात धरून हिशेब मांडू नका. अर्ज कराल त्या तारखेला लागू असलेला निर्णयच खरा.

या योजनेतला लघुउद्योगाचा मुख्य लाभ म्हणजे राज्य जीएसटीच्या प्रमाणात मिळणारं औद्योगिक प्रोत्साहन अनुदान. सोबत व्याज, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांवरच्या सवलती गटाप्रमाणे असतात. कोल्हापूरकरांनी एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. प्रोत्साहन अनुदान महाराष्ट्रात झालेल्या विक्रीवरच्या राज्य जीएसटीशी बांधलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांचं गिऱ्हाईक बेळगाव, बंगळूर किंवा आणखी दक्षिणेला आहे. त्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो आणि तो या हिशेबात येत नाही. निम्मा माल कर्नाटकात जाणार असेल, तर कागदावर दिसणारं अनुदान निम्म्यावर येतं असंच धरा आणि बँकेलाही तसंच दाखवा.

पीएमईजीपीत जागेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतच्या नव्या प्रकल्पाला सर्वसाधारण गटात शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीणला ३५ टक्के. शहर आणि गाव यांत थेट १० टक्क्यांचा फरक पडतो, ५० लाखांवर ५ लाखांचा. कोल्हापुरात हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चालला आहे, म्हणून शहराला खेटून असलेल्या गावात शेड घेताना ती आज ग्रामपंचायतीत येते की महापालिकेत, याचा दाखला आधीच काढून ठेवा. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची रचनाही साधारण अशीच आहे.

यंत्राची ऑर्डर सगळ्यात शेवटी

उत्साहाच्या भरात माणूस प्रदर्शनात यंत्र बघतो, ॲडव्हान्स देऊन टाकतो आणि मग अर्ज करतो. असं करू नका. क्रम असा ठेवा.

सर्वांत आधी उद्यम नोंदणी. ती मोफत आहे, आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते, त्यासाठी कुणाला पैसे देण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तो उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु. नोंदणीत उत्पादनाचा एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा क्रमांक, बरोबर निवडा. तिथे 'भंगार व्यापार' पडलं तर पुढे उत्पादक म्हणून उभं राहणं अवघड जातं.

त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती घ्या, म्हणजे कारखाना उभारण्याआधीची परवानगी. उत्पादन सुरू करण्याआधी कार्यान्वयन संमती वेगळी घ्यावी लागते. पुनर्वापराच्या धंद्याने या कागदाला कमी लेखू नये. पंचगंगेच्या प्रदूषणाने हा जिल्हा किती होरपळला आहे ते आपण बघतोच. प्लास्टिक धुतलेलं पाणी, भट्टीचा धूर, फौंड्रीच्या साच्यांत वापरलेली वाळू यांची सोय कागदावर आणि जागेवर, दोन्हीकडे दिसली पाहिजे. कचरा उचलून नदीत विष सोडणार असू तर या धंद्याला पर्यावरणाच्या नावाने सवलत मागायचा हक्कच उरत नाही.

मग बँकेची कर्जमंजुरी. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसईची, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी आहे, तिची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली आहे. ही हमी सदस्य असलेल्या बँकांमार्फतच मिळते. आपल्याकडे सहकारी बँका आणि पतसंस्थांशी घरोब्याचं नातं असतं, तरी आपली बँक हमी योजनेची सदस्य आहे का आणि अनुदान योजना हाताळते का, हे खातं उघडतानाच विचारून घ्या.

हे सगळं हातात आल्यावर यंत्राची ऑर्डर द्या. यंत्र नवं घ्या, कारण बहुतेक योजनांत जुनं यंत्र पात्र भांडवलात धरत नाहीत. बिलावर यंत्राचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, तुमचा जीएसटी क्रमांक आणि बसवण्याचा पत्ता असावा. 'ग्राइंडर, एक्स्ट्रूडर व इतर साहित्य, एकूण अमुक रुपये' असं मोघम बिल असेल तर तपासणीला आलेला अधिकारी 'इतर साहित्य' बाजूला काढतो. प्रत्येक यंत्राची ओळ वेगळी मागा. पैसे बँकेतूनच द्या.

मालासाठी असलेली केंद्राची योजना

पुनर्वापराच्या धंद्यासाठीच असलेली योजना म्हणजे एमएसई-स्पाईस. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना प्लास्टिक, रबर आणि ई-कचरा या क्षेत्रांतल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेमार्फत चालते. यंत्रसामग्रीवर २५ टक्के, कमाल १२.५ लाख रुपये अनुदान मिळतं, पण कर्जाशी जोडून. ४० लाखांच्या यंत्रांवर १० लाख होतात. ५० लाखांना मर्यादा गाठते, म्हणजे ६० लाखांची यंत्रं घेतली तरी १२.५ लाखच. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. हिची जोडयोजना एमएसई-गिफ्ट हरित तंत्रज्ञानासाठी घेतलेल्या २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ५ वर्षं २ टक्के व्याज सवलत देते.

मग पीएमईजीपी घ्यावी की स्पाईस? दोन्ही मागायचा मोह होतो, पण पीएमईजीपीत दुसऱ्या सरकारी अनुदानाचा लाभ घेतलेला उद्योग बसत नाही. माझं मत असं: गावात नवा उद्योग काढणारी महिला असेल तर ३५ टक्क्यांची पीएमईजीपी नक्कीच सरस. प्रकल्प ५० लाखांचा असेल तर १७.५ लाख होतात. शिरोलीत आधीच चालू असलेला, विस्तार करणारा मोल्डिंगवाला असेल तर नव्या उद्योगासाठीची पीएमईजीपी त्याला लागूच नाही, त्याने स्पाईस बघावी. पीएमईजीपीचं अनुदान हातात रोख येत नाही. ते ३ वर्षं बँकेत तुमच्या नावे मुदत ठेवीत राहतं आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळतं होतं. खेळत्या भांडवलासाठी त्यावर विसंबू नका.

फौंड्री आणि कापडवाल्यांना स्पाईस नाही. इचलकरंजीच्या उद्योजकांनी राज्याचं 'एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८' पाहावं. त्यात राज्याचे झोन पाडून अनुदानाचे दर ठरवले आहेत. फौंड्रीत वापरलेल्या वाळूचा प्रश्न एकट्याने सुटण्यासारखा नाही. त्यासाठी सामाईक सुविधा केंद्राचा रस्ता आहे: क्लस्टर योजनेतून अनेक कारखान्यांनी मिळून प्रकल्प उभारायचा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून घ्यायचा. स्वतःचा वाळू शुद्धीकरण प्रकल्प टाकण्याआधी आपल्या औद्योगिक संघटनेत चौकशी केलेली बरी.

भंगाराचं बिल

अनुदानाची फाइल बहुधा खरेदीच्या कागदावर अडते. फेरीवाल्याकडून घेतलेल्या मालाला बिल नसतं. धातूच्या भंगारासाठी १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम कडक झाला आहे. नोंदणी नसलेल्याकडून भंगार घेतलं तर जीएसटी तुम्ही, म्हणजे घेणाऱ्याने, भरायचा. २ लाखांचं भंगार घेतलं तर १८ टक्क्यांनी ३६ हजार रुपये रोख भरावे लागतात. ते पुढे क्रेडिट म्हणून मिळतात, पण तोवर पैसा अडकतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलं आणि व्यवहार अडीच लाखांच्या वर गेला तर २ टक्के जीएसटी-टीडीएस कापावा लागतो.

दर गाडीमागे तीन कागद एकत्र टाचा: वजनकाट्याची पावती, खरेदीचं बिल (विकणारा नोंदणीकृत नसेल तर तुम्ही स्वतः बनवलेलं) आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा. काट्याच्या पावतीवर गाडी नंबर आणि भरलेलं-रिकामं अशी दोन्ही वजनं असावीत. 'टाकाऊ माल वापरतो' हे सिद्ध करायला याहून भक्कम पुरावा नाही, आणि पुढच्या पायरीला तो लागतोच.

मोठ्या कंपन्यांची गरज ही तुमची संधी

उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचा, म्हणजे ईपीआरचा, नियम लक्षात घ्या. प्लास्टिक वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना २०२५-२६ पासून कडक वेष्टनात ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक वापरण्याचं लक्ष्य दिलं आहे, ते २०२८-२९ ला ६० टक्क्यांवर जातं. लवचीक वेष्टनासाठी ते १० टक्क्यांपासून सुरू होतं. तुम्ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर प्रक्रियाकार म्हणून नोंदलात, तर प्रत्यक्ष प्रक्रिया केलेल्या टनांइतकी प्रमाणपत्रं या कंपन्यांना विकता येतात. टायर, बॅटरी, ई-कचरा, वापरलेलं तेल यांनाही अशीच व्यवस्था आहे आणि १ एप्रिल २०२६ पासून तांबं, ॲल्युमिनियम, जस्त अशा लोखंडेतर धातूंच्या भंगारालाही. सरकारी अनुदान एकदाच मिळतं, हे उत्पन्न मात्र दरवर्षी येतं. म्हणून मला ते अनुदानापेक्षा मोलाचं वाटतं. टनांचा आकडा फुगवण्याच्या फंदात पडू नका. वीजबिल, यंत्राची क्षमता आणि जीएसटी विवरण यांवरून तो पडताळता येतो.

पाचट आणि बगॅसवाल्यांसाठी आयकर

जैविक कचऱ्यापासून ब्रिकेट आणि पेलेट (जळणाच्या विटा आणि गोळ्या), सेंद्रिय खत किंवा बायोगॅस बनवणाऱ्यांना १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८० जेजेएने पहिली सलग ५ वर्षं नफ्यावर १०० टक्के वजावट दिली आहे. उसाच्या पट्ट्यात हा लाभ फार थोडे लोक मागतात. कमी दराची नवी करप्रणाली निवडली की मात्र ही वजावट सुटते. त्यामुळे पहिल्या वर्षीच सीएला बसवून दोन्ही बाजूंचा हिशेब करून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्या तारखेनंतरच्या वर्षांचं विवरणपत्र भरताना नवा क्रमांक घाला.

दावा दाखल करताना

उत्पादन सुरू झालं की पहिलं विक्री बिल जपून ठेवा, कारण उत्पादन सुरू झाल्याची तारीख त्यावरून ठरते. सामूहिक प्रोत्साहन योजनेचं पात्रता प्रमाणपत्र जिल्हा उद्योग केंद्राकडून घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगांचं काम तिथेच चालतं, आणि इतर परवानग्यांचा पाठपुरावा 'मैत्री' या एक खिडकी पोर्टलवर करता येतो. भांडवलाचा आकडा चार ठिकाणी जातो: प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, सीएचा दाखला, ताळेबंद आणि बँकेचं मंजुरीपत्र. चारही आकडे जुळले पाहिजेत. न जुळल्यास फरकाचं कारण लेखी जोडा, नाहीतर फाइल शंका काढून परत येते.

अनुदान मंजूर झाल्यावरही पैसे येईपर्यंत वेळ जातो, कारण ते निधीच्या उपलब्धतेप्रमाणे सुटतात. कर्जाचे हप्ते अनुदान न धरता फेडता येतील असाच प्रकल्प आखा. दरवर्षीचा दावा मुदतीत टाका आणि कार्यान्वयन संमतीला मुदत घातलेली असेल तर ती संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करून ठेवा, म्हणजे दाव्याच्या वर्षात संमतीचा खंड दिसत नाही.