ऑकलंडमध्ये कयाकवरून मासेमारी: नव्याने आलेल्यांसाठी

घर लागलं, नोकरी मार्गी लागली की समुद्राकाठच्या माणसाची नजर पाण्याकडे जातेच. ऑकलंडच्या एका अंगाला वायटेमाटा बंदर आहे, दुसऱ्या अंगाला मानुकाऊ. समुद्रात हौसेखातर मासे धरायला इथे परवाना लागत नाही. नदी-तळ्यातल्या ट्राउटला लागतो. जुनी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेतली की झालं, असं वाटणं साहजिक आहे. जरूर घ्या, पण खर्चाचा क्रम आधी ठरवा: परत किनाऱ्याला आणणाऱ्या वस्तू पहिल्यांदा, मासे धरणाऱ्या नंतर. बरेच जण आधी भारी रॉड आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतात आणि लाइफ जॅकेटवर पैसे वाचवतात. सगळ्यात धोक्याची काटकसर हीच.

अजून निघायचे असाल तर एक सूचना. वापरलेले रॉड, रीळ, गळ, जाळं किंवा चिखल लागलेले बूट सामानात असतील, तर विमानतळावरच्या फॉर्मवर तसं लिहा. न सांगता सापडलं तर 400 डॉलर दंड होतो. खरं तर गळाचं सामान आणूच नका. इथल्या माशांना लागणारं सामान इथेच मिळतं.

वारा कुठून येतो ते पाहा

कोकणात पावसाळा सोडला तर दुपारचा वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि दमलेल्या होडीला घराकडे ढकलतो. ती सवय इथे घातक ठरते. ऑकलंडचा नेहमीचा वारा नैऋत्येचा. मिशन बे, सेंट हेलियर्स, मराएताई या किनाऱ्यांचं तोंड उत्तरेकडे आहे, आणि ब्राउन्स बे, टॉरबेकडचे किनारे पूर्वेकडे पाहतात. म्हणजे हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. कड्याच्या आणि झाडांच्या आडोशाला पाणी अगदी शांत दिसतं. एक-दीड किलोमीटर आत गेलं की आडोसा संपतो, छोट्या पण उभ्या लाटा सुरू होतात, आणि जाताना जो वारा पाठीशी होता तो येताना छातीवर येतो. भरलेली कयाक सपाट पाण्यात तासाला पाच किलोमीटरच्या आसपास जाते. पंधरा नॉट (ताशी सुमारे 28 किलोमीटर) वाऱ्यात समोरून वल्हवताना हा वेग निम्म्यावर येतो, आणि हात थांबले की होडी मागे जाऊ लागते.

म्हणून मेटसर्व्हिसचा (इथल्या हवामान खात्याचा) सागरी अंदाज पाहा, शहराच्या हवामानाचा नाही. तो नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. पहिल्या वर्षी दहा नॉटपर्यंतचाच दिवस निवडा, आणि तोही वारा दिवसभर वाढत जाणार नसेल तरच. झोत वेगळे लिहिलेले असतात. निर्णय झोतांच्या आकड्यावर घ्या. निघण्यापूर्वी बीन रॉक दीपस्तंभावरचा प्रत्यक्ष वारा तपासा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत पाच नॉटचा फरक दिसला तर गाडीवरची कयाक उतरवू नका.

भरती-ओहोटीचं गणित गावाकडचंच आहे: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. वायटेमाटात उधाणाला पाणी साधारण तीन मीटर चढतं-उतरतं. धोका असतो तो वारा आणि प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध असताना. मोटुइहे बेटाजवळच्या खाडीत किंवा टिरिटिरी माटांगीच्या आतल्या बाजूला ओहोटी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की अर्ध्या तासात समुद्राचं रूप बदलतं. सुरुवातीचे काही महिने भांगाचे दिवस धरा. मानुकाऊच्या तोंडाशी जो वाळूचा बार (लाटा फुटणारा उथळ बांध) आहे, तिकडे कयाक घेऊन फिरकायचंच नाही.

रांगिटोटो बेटासमोरच्या चॅनेलमधून, म्हणजे जहाजांच्या मार्गातून, कंटेनरची जहाजं आणि फेरीबोटी जातात. मोठ्या जहाजाला कयाक दिसेल असं कधीही गृहीत धरू नका. दिसली तरी ते थांबू शकत नाही. चॅनेल ओलांडायचाच तर काटकोनात आणि लवकर ओलांडा. त्यात नांगर टाकून बसू नका.

अंगावर काय हवं

लाइफ जॅकेट फोमचं, न्यूझीलंडच्या 5823 या मानकाचा शिक्का असलेलं, आणि पाठीला उंच टेका असलेल्या कयाकसाठी पाठीचा खालचा भाग जाळीचा असलेलं घ्या. ते होडीत ठेवायचं नाही, अंगातच घालायचं. पाण्याचं तापमान ऑगस्टमध्ये 14 अंशांच्या आसपास असतं, फेब्रुवारीत 20-21. सुती बनियन आणि जीन्स भिजली की थंडी हाडात शिरते. उन्हाळ्यातही जाड नसलेला वेटसूट, हिवाळ्यात आत गरम बनियन आणि वर वल्हवण्याचं जॅकेट. कपडे पाण्याच्या हिशेबाने घाला, उन्हाच्या नाही.

संपर्काची दोन साधनं हवीत आणि दोन्ही अंगावर हवीत. जलरोधक पिशवीतला फोन हे एक. हातातला पाच वॅटचा व्हीएचएफ रेडिओ हे दुसरं. चॅनेल 16 संकटासाठी. रेडिओ एरवी वापरायला प्रमाणपत्र लागतं. संकटात मात्र कोणीही बोलू शकतं. लांब जाणार असाल तर 406 मेगाहर्ट्झचा पर्सनल लोकेटर बीकन (उपग्रहाकडे संकटाचा संकेत पाठवणारं छोटं यंत्र) घ्या. तो इथलाच घ्या, कारण त्यात देशाचा संकेत भरलेला असतो. नोंदणी फुकट होते आणि ती केल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. घरच्यांना लिहून द्या: कुठून निघालो, कुठपर्यंत जाणार, किती वाजता परतणार, किती वाजल्यानंतर 111 हा आपत्कालीन नंबर लावायचा.

आपल्यातल्या पुष्कळांना पोहता येत नाही, विशेषतः घाटावरून आलेल्यांना. आधी शिका, जवळपास प्रत्येक उपनगरात पालिकेचा तलाव आहे. मग कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून परत चढायचा सराव करा. उलटलेल्या होडीच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड पकडा, मागे झुकून ती सरळ करा. मग कडेला आडवे तरंगा, पाय जोरात मारा, पोट आसनावर आणा, गर्रकन वळून बसा, आणि शेवटी पाय आत घ्या. उभ्याने चढायला गेलात की होडी पुन्हा अंगावर येते. हे तीनदा सलग जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

जुनी कयाक घेताना

वर बसायची, साधारण 3.6 ते 4.2 मीटर लांबीची पॉलिथिलीनची कयाक नवशिक्याला योग्य. ट्रेड मी या इथल्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर जुन्या भरपूर मिळतात. पाहायला गेलात की ती उलटी करायला सांगा. मागच्या टोकाखालचा तळ पहिल्यांदा झिजतो, कारण लोक सिमेंटच्या उतारावरून होडी ओढतात. अंगठ्याने दाबून पाहा. तिथे पातळ लागली तर सोडून द्या. मग पाणी निघून जायच्या आरपार छिद्रांच्या आतल्या कडा बोटाने चाचपा. चाकांची गाडी त्या छिद्रांत घालून वापरली असेल तर तिथे केसासारखी बारीक भेग असते आणि ती वाळूत दिसत नाही. खात्री करायला होडीत पाच-सहा लिटर पाणी ओता, तिरकी धरा आणि बाहेरून कोरड्या कागदाने पुसत जा.

गाडीवर बांधायला साधे बकलचे पट्टे वापरा. रॅचेटने (दात्यांच्या खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) जास्त ताण दिला की उन्हात मऊ झालेलं प्लॅस्टिक दबतं. हार्बर ब्रिजवर वाऱ्याचे झोत जोरदार असतात, त्यामुळे पुढचं टोकही बंपरला दोरीने बांधा.

घरच्या घरी सुधारणा

पॉलिथिलीनला कुठलाही गोंद नीट चिकटत नाही. सगळ्या चुका हे न कळल्यामुळे होतात. सीलंट (फट बुजवणारा लेप) इथे गॅस्केटचं काम करतं: दोन पृष्ठभागांत दाबून धरलं तरच पाणी अडवतं. म्हणून प्रत्येक वस्तू बोल्ट किंवा रिव्हेटने आवळलेली हवी.

रॉड होल्डर बसवण्याआधी हिरवळीवर होडीत बसा, हातात वल्हं घ्या, मोकळेपणाने वल्हवल्यासारखं करा आणि जिथे हात-वल्हं लागत नाही पण वळून हात पोहोचतो तिथे टेप लावा. झाकणातून हात घालून आतून काही आड येत नाही ना ते पाहा. आधी तीन मिलिमीटरचं छिद्र, मग होल्डरच्या नळीचा व्यास मोजून त्या मापाची होल-सॉ (गोल छिद्र कापणारी करवत). वेग कमी ठेवा. जोरात फिरवलं तर प्लॅस्टिक वितळून कड फुगते. कड चाकूने साफ करा. होल्डर तळाशी बंद असलेलाच घ्या, नाहीतर प्रत्येक लाटेचं पाणी थेट पोटात जातं. हात पोहोचेल तिथे 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे एम-5 बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनवाली नट. हात पोहोचत नसेल तर आत तीन पाकळ्यांत उघडणारे 4.8 मिलिमीटरचे रिव्हेट. नुसते स्क्रू लावू नका. पाच मिलिमीटरच्या प्लॅस्टिकमधून ते पहिल्याच मोठ्या माशाला सुटतात. सीलंट व्हिनेगरसारखा वास येणारं नको, न्यूट्रल क्युअरचं हवं; आंबट वासाचं धातूला खातं. एक दिवस वाळू द्या. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं, म्हणून आठवड्याने नट पुन्हा आवळा.

फिशफाइंडरला चार इंची पडदा पुरतो. असं यंत्र साधारण पाव अँपिअर घेतं, म्हणजे सात अँपिअर-तासांची बॅटरी दिवसभराला भरपूर. लेड-अॅसिडची दोन किलोंहून जड, लिथियम आयर्न फॉस्फेटची एक किलोच्या आसपास, पण तिला तिचाच चार्जर लागतो. धन तारेवर, बॅटरीला अगदी लागून, तीन अँपिअरचा फ्यूज लावा. ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा भाग) तळाच्या आतून बसवता येतो: सीलंटचा जाड थर घाला आणि ट्रान्सड्यूसर गोल फिरवत दाबा. आत एक जरी हवेचा बुडबुडा राहिला तरी पडद्यावर काहीच नीट दिसत नाही, कारण ध्वनिलहरी हवेवर आदळून परत फिरतात.

नांगर दीड किलोचा, घडीचा. आधी एक मीटर साखळी, मग खोलीच्या तिप्पट दोरी. साखळी नांगराच्या वरच्या कडीला नाही, तळाच्या छिद्राला बांधा आणि वरच्या कडीला एका बारीक केबल टायने अडकवा. नांगर खडकात रुतला की जोर लावायचा, टाय तुटते आणि नांगर उलट बाजूने सुटून येतो. दोरी कधीही होडीच्या मधल्या भागाला बांधू नका. प्रवाहात कड खाली दाबली जाते आणि होडी उलटते. त्यासाठीच अँकर ट्रॉली असते: पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक कप्पी, त्यांतून फिरणारी दोरी, तिला एक कडी. नांगराची दोरी कडीतून ओवून कडी टोकापर्यंत सरकवायची. दोरीच्या टोकाला फ्लोट बांधून ठेवा, म्हणजे गरज पडली तर सगळं सोडून देता येतं.

मासा

पंधरा पाउंडची ब्रेड (विणलेली दोरी), तिच्या टोकाला वीस पाउंडचा लीडर (गळाजवळचा जाड धागा) दोन हात, सॉफ्टबेट (रबरी आमिष) आणि पहाटेचा उजेड, एवढ्यावर स्नॅपर हा इथला लोकप्रिय मासा लागतो. दहा मीटर पाण्यात दहा ग्रॅमचं जिगहेड (वजन जोडलेला गळ), वीस मीटरमध्ये वीसच्या आसपास; प्रवाह असेल तर जड. वाऱ्यावर होडी जास्त वाहत असेल तर छोटा ड्रोग (होडीचा वेग कमी करणारी पाण्यातली कापडी छत्री) टाका.

वायटेमाटा आणि पूर्वेकडच्या पाण्यात स्नॅपर किमान 30 सेंटिमीटर आणि माणशी दिवसाला सात. मानुकाऊ म्हणजे पश्चिम किनारा: तिथे 27 सेंटिमीटर आणि दहा. तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचं. इथली किंगफिश म्हणजे सुरमई नव्हे. ती किमान 75 सेंटिमीटर हवी. नियम बदलतात, म्हणून सरकारी फिशिंग रूल्स अॅप फोनमध्ये ठेवा. लाँग बेसारखी राखीव क्षेत्रं त्यात नकाशावर दिसतात. तिथे गळ टाकणंही गुन्हा आहे. मासा किनाऱ्यावर येईपर्यंत मोजता येईल अशाच अवस्थेत ठेवा, होडीत तुकडे करू नका.

आणि हौसेने धरलेला मासा विकता येत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात ‘ताजा स्नॅपर, किलोला एवढे’ असं टाकणं बेकायदा आहे. बदल्यात दुसरी वस्तू घेणंसुद्धा. शेजाऱ्याला नुसता द्या. अधिकारी तपासणी करतात, आणि गुन्ह्यात होडी आणि गाडीही जप्त होऊ शकते.

काहवाय हा मासा लागला तर लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्या, नाहीतर मांस काळपट आणि उग्र होतं. दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी अशा मिश्रणात ठेवा. तिरफळ आणि आमसूल घातलेल्या आमटीला तो बांगड्याच्या जवळपास येतो. कोवळ्या स्नॅपरला मात्र एवढा मसाला नको. मासा दोरीला बांधून पाण्यात सोडू नका, शार्क मागे येतात.

परतताना नांगर आणि दोरी नीट पाहा. परदेशी कॉलर्पा शेवाळ आओटेआ (ग्रेट बॅरियर), कावाऊ, वाइहेके या बेटांजवळ पसरलंय आणि एखाद्या तुकड्यापासूनही वाढतं. हिरवा तुकडा अडकलेला दिसला तर पाण्यात टाकू नका, पिशवीत भरून कचऱ्यात टाका. रीळ आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुवा, झाकणं उघडी ठेवून होडी सावलीत वाळवा.