वेबसाइटला कीड लागली की आधी आपला संगणक धुऊन काढा

वेबसाइट बिघडल्याचे कळताच बहुतेक मालक ज्या संगणकावर रोज बसतात त्याच संगणकावरून घाईघाईने सगळे पासवर्ड बदलतात, होस्टिंगवाल्याला (ज्याच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवलेली असते त्याला) दोन कडक ईमेल पाठवतात आणि सुटलो म्हणून मोकळे होतात. त्या संगणकातच पासवर्ड चोरणारा प्रोग्राम बसलेला असेल, तर ही चोराच्या हाती जामदारखान्याच्या नव्या किल्ल्या दिल्यासारखी गोष्ट होते, कारण नवा पासवर्ड टाइप होतो न होतो तोच पलीकडे पोहोचलेला असतो.

विंडोज अद्ययावत ठेवणे आणि बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवणे हे आपण करतच असाल, असे धरून चालतो. (विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, वेबसाइट सांभाळणाऱ्याने अजून त्यावरच बसून राहणे मला पटत नाही.)

आधी संगणक, मग पासवर्ड, या क्रमाचे महत्त्व मी इंदूरच्या रामबागेत, ऐन दिवाळीच्या तोंडावर शिकलो. मावशीच्या घरगुती फराळाच्या व्यवसायाची वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या तयार प्रणालीवरची वेबसाइट मी सांभाळत असे. चकली-अनारशांची ऑर्डर द्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर जुगाराचे पान दिसू लागले. मावशीच्या संगणकावर मात्र सगळे यथास्थित दिसे, म्हणून दोन दिवस मी गिऱ्हाइकांच्या फोनलाच दोष देत राहिलो. मग सर्व्हरवरच्या फाइली साफ केल्या, आठ दिवसांनी पुन्हा तेच. होस्टिंग बदलले, तरीही तेच. तिसऱ्या खेपेला सर्व्हरवरची लॉगिनची नोंद ओळीने वाचली, तेव्हा उमगले की भिंत फोडून कोणी आलेच नव्हते. माझ्याच एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवण्याच्या) खात्यातून, अचूक पासवर्ड देऊन, दूरच्या कुठल्याशा देशातून कोणी तरी राजरोस आत येत होते. माझ्या लॅपटॉपवर एका मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेले चित्रसंपादनाचे फुकटचे सॉफ्टवेअर होते. त्याच्या सूचनेत अँटिव्हायरस बंद करायला सांगितले होते आणि मी तो इमानेइतबारे बंद केला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशा थाटात माझे तीन आठवडे गेले.

हा प्रकार जुनाच आहे. २००९ साली पसरलेला गंब्लर हा व्हायरस बाधित पान पाहणाऱ्याच्या संगणकात शिरे, तिथले एफटीपीचे पासवर्ड चोरी आणि तो माणूस स्वतः एखाद्या वेबसाइटचा मालक निघाला, तर तीही बाधित करी. आजचे चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय कुकीही नेतात. ती आपल्या चालू लॉगिनची खूण असते आणि ती हाती लागली, की मोबाइलवर येणारा ओटीपी विचारलाच जात नाही. तेव्हा ‘मी दुहेरी पडताळणी लावली आहे, मला भीती नाही’ असे कोणी म्हटले, की माझा संयम सुटतो.

पहिली पायरी: संशयित संगणकाचे इंटरनेट तोडा आणि वेबसाइट तात्पुरती बंद ठेवा. ही बंदी दुसऱ्या, विश्वासाच्या संगणकावरून करायची.

दुसरी पायरी म्हणजे संगणक साफ करणे, आणि इथेच सर्वांत वाईट सल्ले मिळतात. ‘एक स्कॅन मारा, काही सापडले नाही तर ठीक’ हा त्यांतला सर्वांत वाईट, कारण स्कॅनला काही सापडले नाही याचा अर्थ एवढाच, की त्या स्कॅनला काही सापडले नाही. वेबसाइटच्या किल्ल्या ज्या संगणकावर आहेत, तो बाधित असल्याची शंका आली तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनाने तयार करावा. जुन्या डिस्कवरून फक्त कागदपत्रे आणि छायाचित्रे घ्यावीत; डाउनलोड करून ठेवलेली सॉफ्टवेअरे, त्यांचे इन्स्टॉलर, ‘क्रॅक’ आणि त्याच संगणकावर ठेवलेली वेबसाइटची प्रत यांतले काहीही परत आणू नये. मी तर सिल्व्हर मॉलमधून नवी एसएसडी डिस्क आणून बसवली आणि जुनी कपाटात ठेवून दिली, म्हणजे मोह झालाच तरी उठून कपाटापर्यंत जावे लागे.

एवढे करूनही मी एकदा फसलो, ते ब्राउझरच्या सिंकमुळे. नव्या विंडोजवर ब्राउझर उघडून जुन्या खात्याने लॉगिन केले, की पूर्वीची सगळी एक्स्टेन्शने आपोआप परत येतात आणि त्यांत एखादे घातक असेल तर तेही ऐटीत येऊन बसते. म्हणून सिंक चालू करू नये. लागतील ती दोन-तीन एक्स्टेन्शने हाताने टाकावीत. घरातल्या किंवा दुकानातल्या ज्या इतर संगणकांवरून वेबसाइटवर लॉगिन होते, त्यांची निदान विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी करावी. ती विंडोज सुरू होण्याआधी चालते आणि सुमारे १५ मिनिटांत संपते.

तिसरी पायरी पासवर्डांची, आणि तीही स्वच्छ संगणकावरूनच. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकी सर्व खात्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’च्या चिठ्ठ्या तिथेच येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये परक्या पत्त्यावर पत्रे पुढे पाठवणारा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. त्यानंतर डोमेन, होस्टिंगचे पॅनेल, एफटीपी, डेटाबेस आणि शेवटी वेबसाइटचा अॅडमिन. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करायला विसरू नये, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहू शकते. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ८ गुप्त ओळी असतात. त्या बदलल्या की एकूण एक माणूस, चोरासकट, बाहेर पडतो.

यानंतर वेबसाइटची सफाई, जिला लोक सर्वांत अवघड समजतात. वर्डप्रेसच्या मूळ फाइली, थीम आणि प्लगइन पुसून अधिकृत ठिकाणाहून नव्या टाकाव्यात. अपलोडच्या फोल्डरमध्ये छायाचित्रेच असावीत. तिथे पीएचपी (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची) फाइल दिसली तर ती बहुधा चोराने पुन्हा आत येण्यासाठी ठेवलेला मागचा दरवाजा असते. अनोळखी अॅडमिन, ठरावीक वेळी आपोआप चालणारी क्रॉनची कामे आणि एचटीअॅक्सेस फाइल (येणाऱ्याला कुठल्या पानावर पाठवायचे ते ठरवू शकणारी) पाहावी. पैसे देऊन घ्यायची थीम ‘फुकट’ म्हणून कुठून तरी उतरवलेली असेल, तर ती कितीही देखणी असो, काढून टाकावी. गूगलने धोक्याची पाटी लावली असल्यास त्याच्याच सर्च कन्सोल या वेबसाइट-मालकांसाठीच्या साधनातून फेरतपासणीची विनंती करावी. कंपनीच्या वेबसाइटवर अशी घुसखोरी झाली असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, हे आपल्या सल्लागाराला वेळीच सांगावे.

पुढच्या सवयींबद्दल माझा हट्ट तीनच गोष्टींचा आहे. साध्या एफटीपीऐवजी त्याच कामाचे सुरक्षित एसएफटीपी वापरावे, कारण एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. पासवर्ड ब्राउझरमध्ये न ठेवता पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत. एफटीपी प्रोग्रामात साठवायचेच असतील तर मास्टर पासवर्ड लावावा. फाइलझिला या एफटीपी प्रोग्रामात ही सोय २०१७ सालापासून आहे, मात्र ती आपली आपण चालू करावी लागते. आणि वेबसाइटचे काम ज्या संगणकावर होते, त्यावर घरातल्या मुलांना खेळ उतरवू देऊ नयेत. भाचेमंडळी रुसतात, रुसू द्यावीत.

सगळे झाल्यावर आठव्या दिवशी, वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर, खासगी खिडकीत, दुकानाचे नाव गूगलवर शोधून तिथून वेबसाइट उघडावी. पत्ता थेट टाइप करू नये. असा चोरटा कोड पुष्कळदा शोधातून, मोबाइलवरून आणि पहिल्यांदा येणाऱ्यालाच जुगाराचे पान दाखवतो, लॉगिन केलेल्या मालकाला मात्र कधीच दाखवत नाही. शक्य असल्यास शेजाऱ्याच्या फोनवरूनही एकदा पाहावे.