किनारी शहराची रोजची छायाचित्रे : या चुका टाळा

समुद्रकाठच्या शहरात आणि आसपासच्या गावांत रोजच्या वावरात काढलेल्या छायाचित्रांबद्दल दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. पहिली लगेच होते : वाळू करडी पडली, आकाश पांढरे झाले, पलीकडचे गाव धुरकट आले. दुसरी काही वर्षांनी जुनी छायाचित्रे चाळताना होते : हे ठिकाण नेमके कोणते, वेळ कोणती आणि पाणी तेव्हा इतके पुढे का आले होते, यांतले काहीच कळत नाही. पहिल्या तक्रारीवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसरी मात्र देखण्या छायाचित्रातलेही निरीक्षण निकामी करते, आणि रोजच्या साध्या छायाचित्राचे मोल बहुतांशी त्या निरीक्षणातच असते.

वाळू करडी आणि आकाश पांढरे

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. कोरडी पुळण, फेसाळ लाटा आणि चुन्याने रंगवलेल्या भिंती या छटेपेक्षा कितीतरी उजळ असल्याने तो प्रकाश कमी घेतो आणि वाळू मळकट दिसते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला प्रकाश हाताने कमी-जास्त करण्याची सोय) अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावे; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. मोबाइलवर पडद्याला स्पर्श करून उजेडाची पट्टी किंचित वर सरकवली तरी तेच साधते. वाढवताना लाटेच्या फेसाकडे लक्ष ठेवावे, कारण फेसातले बारकावे एकदा पांढरे होऊन गेले की नंतरच्या कोणत्याही संस्करणाने ते परत येत नाहीत.

आकाश आणि समुद्र एकाच चौकटीत नीट न येण्याची अडचण नवी नाही. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी आपल्या काही सागरदृश्यांसाठी आकाशाची व पाण्याची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन ती एकत्र छापली होती, कारण त्या काळची निगेटिव्हची काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती आणि समुद्र उमटेपर्यंत आकाश जळून जाई. आजचे मोबाइल अनेक चौकटी एकत्र करून हेच काम क्षणात करतात, पण त्या चौकटींच्या दरम्यान लाट आणि माणसे हललेली असतात. लाटेची कड दुहेरी दिसली किंवा चालणाऱ्या माणसाच्या पायाभोवती भुताटकीसारखी छाया आली, तर दोष भिंगाचा नाही. एचडीआर, म्हणजे चौकटी एकत्र करण्याची ही सोय, बंद करून पुन्हा छायाचित्र घ्यावे.

संध्याकाळचे रंग फिके येत असतील तर बहुधा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची रंगछटा जुळवून घेणारी सोय) तांबूस झाक ‘दुरुस्त’ करत असतो. तो ‘दिवसाचा प्रकाश’ या पर्यायावर स्थिर ठेवावा. खरे सांगायचे तर सूर्यास्ताच्या छायाचित्रातून शहराविषयी सर्वांत कमी कळते. त्याच वेळी पाठ फिरवून, तोच प्रकाश ज्या घरांवर आणि माणसांवर पडला आहे त्यांच्याकडे पाहिले तर अधिक हाती लागते.

धुरकट अंतर आणि पाण्यात बुडालेल्या इमारती

खाडीपलीकडचे गाव दूरच्या भिंगाने टिपल्यावर फिके आणि थरथरते दिसले की अनेक जण फोकसला दोष देतात. फिकेपणा हवेतल्या बाष्पाचा आणि खाऱ्या कणांचा असतो, तर थरथर तापलेल्या वाळूवरून वा पाण्यावरून उठणाऱ्या असमान हवेची असते. महागड्या भिंगाने यांतले काहीच सुटत नाही, उलट थरथर अधिक ठळक होते. सकाळी लवकर किंवा पाऊस नुकताच थांबून हवा धुतली गेल्यावर छायाचित्र घेणे, हाच उपाय आहे.

याच अंतरामुळे निरीक्षणाचीही एक चूक होते. पाण्याच्या पातळीपासून दोन मीटर उंचीवर डोळा असेल तर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असते. त्यापलीकडचे पृथ्वीच्या गोलाईमुळे तळापासून झाकले जाऊ लागते. वीस किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर सुमारे पंधरा मीटर उंचीपर्यंतचा भाग दिसतच नाही. त्यामुळे पलीकडचा धक्का आणि बैठी वस्ती गायब होते, फक्त उंच इमारती आणि दीपगृहाचा माथा उरतो, आणि खाली कोणी ‘पलीकडे आता नुसते टॉवर उरले’ अशी ओळ लिहून मोकळा होतो. हवेच्या थरांतील तापमानफरकामुळे होडी पाण्यापासून अधांतरी उचललेली दिसते, तो मात्र मृगजळाचा प्रकार आहे. आपण किती उंचीवरून पाहिले हे नोंदले, तर हे गैरसमज टळतात.

भरती-ओहोटी न पाहता केलेली तुलना

किनाऱ्यावरच्या छायाचित्रांत सर्वाधिक फसगत येथे होते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजे आज सकाळी सातला असलेली भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. रोज ठरलेल्या वेळी त्याच जागेवरून छायाचित्र काढणारा माणूस म्हणूनच रोज वेगळ्या पाण्याचे छायाचित्र काढत असतो. आठवड्यापूर्वी उघडा असलेला खडक आज बुडालेला दिसला, यात समुद्राने काही गिळलेले नसते. त्यातच अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची (लहान) भरती यांच्या पातळ्यांतही मोठा फरक असतो. तुलना करायची असेल तर घड्याळाची वेळ बाजूला ठेवून भरतीची अवस्था जुळवावी : उधाणाची ओहोटी उधाणाच्या ओहोटीशीच ताडून पाहावी. बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून जायला दोन मिनिटे लागतात, आणि छायाचित्राखाली ‘पूर्ण भरतीनंतर एक तास’ एवढे लिहायला त्याहून कमी.

ऋतूचेही तसेच आहे. खवळलेल्या हंगामातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून उथळ पाण्यात नेऊन टाकतात, आणि शांत हंगामातल्या सौम्य लाटा त्यातली बरीच हळूहळू परत आणून घालतात. एका वर्षीच्या शांत हंगामातले रुंद पुळणीचे छायाचित्र दुसऱ्या वर्षीच्या वादळी हंगामातल्या अरुंद पुळणीशेजारी ठेवून ‘किनारा खचला’ असे म्हणणे म्हणजे ऋतुबदलालाच ऱ्हास ठरवणे होय. किनारा खरोखरच खचत असू शकतो. पण ते दाखवायला अनेक वर्षांची, एकाच ऋतूतली आणि एकाच भरतीच्या अवस्थेतली छायाचित्रे लागतात.

तीच जागा पुन्हा गाठताना ‘त्या झाडाजवळून’ एवढी खूण पुरत नाही. जुन्या छायाचित्रात एकमेकांवर येणाऱ्या जवळच्या आणि लांबच्या दोन वस्तू शोधाव्यात; समजा, धक्क्याच्या कठड्याचा कोपरा मागच्या टाकीच्या डाव्या कडेला टेकलेला दिसतो आहे. आपण पावले डावी-उजवीकडे सरकवत तो मेळ साधला की जागा एका रेषेवर आली, आणि अशा दोन जोड्या जुळल्या की ती बऱ्यापैकी पक्की झाली. भिंग तेच असले तर सोय होते, पण दृश्याची रचना ठरते ती उभे राहण्याच्या जागेवरून. चौकट नंतर कापूनही जुळवता येते.

गर्दीच्या छायाचित्रांत याच तत्त्वाचा विसर पडतो. लांब उभे राहून दूरच्या भिंगाने टिपलेली पुळण माणसांनी खच्चून भरलेली वाटते, आणि तीच माणसे जवळून, रुंद भिंगाने टिपली की विरळ दिसतात. त्यामुळे गर्दी वाढली की कमी झाली, हे वेगवेगळ्या अंतरांवरून घेतलेल्या दोन छायाचित्रांवरून ठरवता येत नाही. किनाऱ्यालगतच्या इमारती लाटांच्या डोक्यावर उभ्या असल्यासारख्या दिसतात, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते.

वेळ, ठिकाण आणि खालची ओळ

छायाचित्राच्या फाइलमध्ये दिनांक आणि वेळ आपोआप साठते, या भरवशावर बरेच जण काहीच लिहीत नाहीत. कॅमेऱ्याचे घड्याळ बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यास मागे पडते किंवा मुळापासून सुरू होते. संदेशवाहक अॅपवरून पाठवलेल्या छायाचित्रातून ही माहिती बहुधा गळून जाते. आणि कॅमेऱ्याचे चार अंकी क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होत असल्याने एकाच नावाच्या दोन फाइली तयार होऊन एक दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. फिरती सुरू करताना मोबाइलच्या घड्याळाचे एक छायाचित्र कॅमेऱ्याने काढून ठेवले, तर घड्याळ चुकले असले तरी नेमका फरक नंतर सर्व फाइलींना लावता येतो. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि मोबाइलने नोंदलेले ठिकाण शेजारच्या रस्त्यावर जाऊन पडते. म्हणून गल्लीचे नाव किंवा चौकातली पाटी असलेली एक जोडचौकट घ्यावी.

खालच्या ओळीत पाहिलेले आणि अनुमानलेले यांची सरमिसळ ही सर्वांत मुरलेली चूक आहे. ‘सकाळी सहा वाजता धक्क्यावर तीन होड्या’ हे निरीक्षण आहे. ‘मासेमारी घटली’ हा निष्कर्ष आहे, आणि बाकीच्या होड्या त्या वेळी समुद्रात असतील तर तो सपशेल खोटा ठरतो. अनुमान लिहायला हरकत नाही, मात्र ते वेगळ्या वाक्यात आणि अनुमान म्हणूनच लिहावे.

जवळच्या गावांच्या बाबतीत ही घाई वाढते. शहरातला माणूस तिथे दुपारी पोहोचतो, तीनच ठिकाणे टिपतो आणि परततो; त्या छायाचित्रांत गाव कायम ओस आणि झोपलेले दिसते. गावाचा दिवस होड्या परतण्याच्या, बाजार भरण्याच्या आणि शाळा सुटण्याच्या वेळांवर चालतो. यांपैकी एक वेळ गाठली आणि दीपगृह सोडून बसथांब्याकडे कॅमेरा वळवला, तर शहराशी त्या गावाचा खरा संबंध काय आहे हे दिसू लागते. काम करणाऱ्यांचे जवळून छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. बंदरे व नौदलाच्या हद्दीत अनेक देशांत छायाचित्रणावर बंदी असते, तेव्हा तिथली पाटी आधी वाचावी.

खारा वारा, वाळू आणि दमट हवा

दिव्यांभोवती अचानक धूसर वलये दिसू लागली किंवा सगळीच छायाचित्रे दुधाळ येऊ लागली, तर भिंगाच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसलेला असण्याची शक्यता मोठी असते. सदऱ्याच्या टोकाने ती काच कोरडी पुसू नये, कारण मिठाबरोबर वाळूचे कणही काचेवर घासले जातात. आधी फुंकणीने कण उडवावेत, मग भिंगाच्या द्रवाने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावे. थंड खोलीतून दमट हवेत येताच काचेवर बाष्प साचते. ते पुन्हा पुन्हा पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. भिंग पुळणीवर बदलू नये. सेन्सरवर धूळ बसल्याची शंका असल्यास मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र एफ/१६ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र बरेच लहान ठेवून, घ्यावे. प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी येणारे करडे ठिपके लगेच उघडे पडतात.

मोबाइलवरील आयपी६८ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा गोड्या पाण्यातल्या चाचणीवर ठरलेला असतो, समुद्राच्या पाण्यावर नव्हे. असा मोबाइल लाटेत भिजला तर तो उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे गोड्या पाण्याने धुऊन पुसावा आणि चार्जिंगची खाच पूर्ण कोरडी होईपर्यंत त्यात केबल घालू नये. घरी कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवल्यास किनारी हवेत भिंगाला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, आणि जेलचा रंग बदलला की त्याच्या पुड्या वाळवून पुन्हा घालाव्यात.