कपाट आधी कागदाचं केलं

कोथरूडचं तीन बेडरूमचं घर सोडून वारज्यात वन बीएचकेत जायचं ठरलं आणि पहिलं भांडण झालं सागवानी कपाटावरून. ही म्हणे बसेल, मी म्हणे नाही. शेवटी वर्तमानपत्रं चिकटवून कपाटाच्या तळाएवढा, साडेतीन बाय दोन फुटांचा कागद कापला आणि नव्या बेडरूमच्या फरशीवर अंथरला. कपाट बसत होतं, पण दार उघडलं की पलंगाला धडकणार हेही दिसलं. वाद तिथेच मिटला. मग सोफा, फ्रिज, सगळ्यांचे कागद झाले. डायनिंग टेबलाचा कागद घडी घालून परत आणला.

पैशांचंही आधी बघा. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकरात सूट मिळते, पण नव्या घरात घातलेल्या रकमेपुरतीच. घर लहान घेतलं की उरलेल्या नफ्यावर कर बसू शकतो. आम्ही सीएकडे उशिरा गेलो.

माळ्यावरच्या सामानाला मात्र कागदाचा उपाय चालेना. तिथे रोज एकच खोकं, चहानंतर तासभर, असं ठरवलं. मुलांना महिन्याची मुदत दिली: हवं ते न्या. (मुलीने मागितला पाटा-वरवंटा. बंगळुरूला!) पितळी भांडी मोडीत गेली, निव्वळ वजनावर, घडणावळ कोणी धरत नाही. आईचं घंगाळ तेवढं तराजूवरून उतरवून घेतलं. आता त्यात कांदे-बटाटे असतात.