शेततळ्याची खोदाई: पोकलेन येण्याआधी रान कसं तयार करायचं

शाळूची काढणी आणि हरभऱ्याची मळणी उरकली की माण, खटाव, आटपाडी, जत भागातलं रान मोकळं होतं. तिथून वळवापर्यंतचे दीड-दोन महिने हा खोदाईचा हंगाम. काळ्या रानात एक वळीव लागला की मशीन चार दिवस बांधावर उभं राहतं आणि खड्ड्यातलं पाणी उपसायचा खर्च वर. म्हणून फाल्गुनात आखणी आणि चैत्रात खोदाई धरावी.

बहुतेक जण खोदाईचा हिशेब करतात, मातीचा करत नाहीत. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं आणि बाजूंना १:१.५ ढाळ (१ मीटर खोलीला दीड मीटर आडवं) धरला तर तळ २१ बाय २१ मीटरचा राहतो. माती निघते सुमारे १,९७० घनमीटर, म्हणजे ७०० ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). खोदलेली माती फुगते. पंचवीस टक्के फुगवटा धरला तर ढीग पावणेनऊशे ब्रासच्या घरात जातो. भोवतीचा बांध मीटरभर उंच, माथ्याला १ मीटर आणि पायाला ४ मीटर केला तर त्यात दीडशे ब्रास खपते. उरलेली एका एकरात पसरली तरी दीड फुटावर थर बसतो! हा मुरूम कुठं जाणार हे मशीन येण्याआधी ठरलं नाही, तर ड्रायव्हर तो हाताशी येईल त्या चांगल्या रानात टाकतो आणि तिथून तो उचलायला पुन्हा तासावर पैसे लागतात. खाचरं भरणं, शेतरस्ता, गोठ्याची जागा उचलणं यांत तो जिरवायचा. शेताबाहेर न्यायचा असेल तर आधी तहसील कार्यालयातून गौण खनिजाची परवानगी घ्या.

जागाही जास्त लागते. तळ्याच्या काठापासून १ मीटर मोकळी पट्टी आणि ४ मीटर बांधाचा पाया धरून ४० बाय ४० मीटर, म्हणजे १६ गुंठे जातात. शेजाऱ्याच्या बांधाला खेटून आखणी करू नका. हद्दीचा वाद असेल तर आधी मोजणी. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात येईपर्यंत कुदळसुद्धा मारू नये.

मग चाचणी खड्डे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आणि मध्ये असे तीन, पूर्ण ३ मीटर खोल. या पट्ट्यात फूट-दोन फूट माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या (कच्चा खडक) किंवा थेट काळा पाषाण लागतो. दोन मीटरवर पाषाण लागला तर ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा) लावण्यापेक्षा खोली कमी करून लांबी-रुंदी वाढवणं बहुतेक वेळा परवडतं. एकाच कोपऱ्यात खडक असेल तर आखणी दहा-पंधरा मीटर सरकवून पाहा. मुरूम लागला म्हणजे पाणी झिरपणार. तिथं प्लॅस्टिक अस्तराचा खर्च आत्ताच धरा. कृष्णाकाठी, वाळवा-पलूसच्या भारी रानात अडचण उलटी असते: खड्ड्यात खालून पाणी येतं. तिथं रात्रभर खड्डा उघडा ठेवून सकाळी पाण्याची पातळी मोजा. खालून पाण्याचा दाब असेल तर अस्तर फुगून वर येतं.

पाइपलाइनकडे खास लक्ष द्या. नदीवरून किंवा योजनेच्या कालव्यावरून आणलेल्या लोकांच्या लाइनी कुणाकुणाच्या रानातून गेलेल्या असतात आणि मालकालाही त्या नेमक्या आठवत नाहीत. मशीनच्या जाण्यायेण्याच्या मार्गासकट पट्टा धरून शेजाऱ्यांना उभं करून विचारा, व्हॉल्व्ह आणि एअरपाइप शोधून त्यांच्या रेषेत फक्की टाका. शंका असेल तिथं हातानं आडवा चर घ्या. वरून वीज गेली असेल तर उन्हाळ्यात तार झोळते; पोकलेनची बूम तिथवर पोचणार असेल तर जागा बदला.

सगळ्या १६ गुंठ्यांवरची वरची माती आधी खरवडा. फूटभर थर निघाला तर तोच पावणेदोनशे ब्रास होतो. ही माती वेगळ्या ढिगात, वरच्या अंगाला ठेवा, कारण मुरमाखाली गाडली गेली की परत मिळत नाही. बाभळी, घाणेरी मुळासकट काढा. बांधाखाली राहिलेलं मूळ कुजलं की त्याच पोकळीतून पाणी वाट काढतं. लव्हाळा असेल तर गाठींसकट वेचा, त्याची टोकं प्लॅस्टिक भोसकून वर येतात. बांधाच्या पायाची पट्टी नांगरून ठेवली की नवी माती जुन्या जमिनीला धरते.

आखणी सकाळी, वारा सुटायच्या आत. कापडी टेप ताणला की लांबतो, स्टीलचा घ्या. चारही बाजू ३० मीटर आल्या म्हणून चौकोन काटकोनी होत नाही. दोन्ही कर्ण ४२.४३ मीटर यायला हवेत. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खुंटी हलवा. लेव्हलला पारदर्शक नळी पुरते, पण आतला बुडबुडा घालवल्याशिवाय वाचू नका. तेवढ्यानं दोन टोकांत बोटभर फरक पडतो. नळीची दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आलं, की मगच एक टोक लांब न्या.

कोपऱ्यांच्या खुंट्या पहिल्याच तासात बकेटमध्ये जातात. म्हणून प्रत्येक बाजूची रेषा वाढवून बांधाच्या पायाच्याही बाहेर, काठापासून सहा-सात मीटरवर दुसऱ्या खुंट्या ठोका. खोली मोजायची खूण विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं मारा. ती मातीच्या ढिगावर कधीच नको. ढाळासाठी लाकडी त्रिकोण करून ठेवा: उभी पट्टी १ मीटर, आडवी १.५, तिरकी १.८. ड्रायव्हरला '१:१.५' सांगून कळेलच असं नाही, हा त्रिकोण भिंतीला लावून दाखवला की कळतो.

दर तासाचा की ब्रासचा, आणि ब्रासचा असेल तर जागेवरच्या खड्ड्याचा की टिपरमधल्या सुट्या मातीचा, हे मशीन ट्रेलरवरून उतरण्याआधी कागदावर लिहून घ्या.