मायक्रोस्कूल काढताना: आधी परीक्षा, मग जागा

चार-पाच कुटुंबं मिळून मायक्रोस्कूल, म्हणजे मोजक्या मुलांची छोटी शाळा, काढणार असाल, तर खोली शोधण्याआधी कायदा वाचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास १ लाखापर्यंत दंड होतो, पुढेही चालू ठेवल्यास रोज १०,०००. नुसतं ‘शिकण्याचं केंद्र’ म्हटल्यानं सुटका होईल असं धरू नका; वकिलाला विचारा. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (NIOS) मार्ग आहे: वय १४ पूर्ण, किमान पाच विषय.

शिकवणाऱ्या एका ताईकडे ८ ते १० मुलंच ठेवा. ६ ते ९ आणि १० ते १३ असे गट करा. गणित मात्र वयावर नको, मुलाला जमतं त्या पातळीवर घ्या.

गाडी अडते ती पैशांवर. महिन्याचा खर्च ८०,००० आणि मुलं ८, तर प्रत्येकी १०,०००. दोघं वर्षाच्या मध्येच गेली की उरलेल्यांवर १३,३०० पेक्षा जास्त बोजा! म्हणून तीन महिन्यांची अनामत आणि तितकीच पूर्वसूचना सुरुवातीलाच लेखी घ्या, अगदी जिवलग मित्रांकडूनही. सोसायटीची परवानगीसुद्धा लेखीच हवी.