‘कोरियन लोककथा’ खरी की बनावट, हे कसं ओळखावं?

युद्धावरून परतलेला नवरा तुटक वागू लागतो, म्हणून बायको डोंगरावरच्या साधूकडे औषध मागायला जाते. साधू तिला जिवंत वाघाच्या मिशीचा केस आणायला सांगतो. ती कित्येक महिने वाघाला खाऊ घालून माणसाळवते आणि केस आणते. साधू तो विस्तवात टाकतो आणि म्हणतो, वाघाला जिंकलंस, तर नवऱ्याला का नाही जिंकणार? मोबाइलवर फिरणाऱ्या या गोष्टीखाली ‘कोरियन लोककथा’ असं लिहिलेलं असतं. हीच गोष्ट तपासायला घेऊ.

पहिली पायरी म्हणजे जुन्यात जुनी छापील नोंद शोधणं. या गोष्टीचा माग 1959 पर्यंत लागतो. अमेरिकन संग्राहक हॅरल्ड कूरलँडर यांच्या इंग्रजी संग्रहात ती कोरियन म्हणून आली आहे. म्हणजे ती इंटरनेटवर कुणी रचलेली नाही, एवढं पक्कं. पण इंग्रजीतला एक संग्रह हा कोरियन माणसांच्या तोंडी ती असल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून पुढचा शोध कोरियन लिपीत घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. गोष्टीतले दोन-तीन ठळक शब्द भाषांतराच्या ॲपमधून कोरियनमध्ये करून घ्या आणि दक्षिण कोरियातल्या कोरियन अध्ययन अकादमीच्या मौखिक साहित्याच्या ऑनलाइन संग्रहात शोधा. 1979 पासून अभ्यासक गावोगाव फिरले आणि ऐकलेल्या कथांचे 82 खंड 1980 ते 1988 या काळात निघाले. कथा कुणी, कुठे, कधी सांगितली याची तिथे नोंद असते. अनेक कथांचं ध्वनिमुद्रणही ऐकता येतं. खऱ्या लोककथेची सहसा एकच प्रत नसते. एकाच कथेतली आई एका गावात मरते, दुसऱ्यात वाचते, शेवट बदलतो. सगळीकडे शब्दन् शब्द सारखाच असेल, तर सगळ्यांनी एकाच पानावरून उतरवलं असल्याची शंका घ्या.

मग इतर देशांत डोकवा. वाघाच्या जागी सिंह घातलेली हीच गोष्ट इथिओपियाची म्हणूनही सांगितली जाते. पण साम्य दिसलं म्हणून लगेच बनावट ठरवू नका. आपली माकड आणि मगरीची गोष्ट आठवा. माकड म्हणतं, काळीज झाडावर राहिलं. कोरियात तिथे ससा आणि कासव आहेत, आणि ससा म्हणतो, यकृत खडकाखाली राहिलं. ही कथा 1145 च्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात आहे. जातककथांच्या वाटेने ती तिकडे गेली असं अभ्यासक मानतात, तरीही ती आज पूर्णपणे कोरियन आहे.

कालविसंगतीवरही, म्हणजे कथेच्या काळात नसलेली वस्तू कथेत दिसण्यावरही, फार भिस्त ठेवू नका. तंबाखू कोरियात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोचली, आणि तिथल्या गोष्टींची ठरलेली सुरुवातच मुळी ‘वाघ तंबाखू ओढायचे त्या काळी’ अशी असते! विसंगती महत्त्वाची ठरते ती ‘हजार वर्षांपूर्वीच्या पोथीतला उतारा’ असा दावा असेल तेव्हा.

कथा नोंदवणारा कोण, हेही विचारा. 1910 ते 1945 कोरियावर जपानची सत्ता होती आणि 1924 मध्ये त्या सरकारनेच कोरियन बालकथांचा संग्रह काढला. गालावर आवाळू असलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट कोरियन मुलांना पाठ असते, पण तशीच कथा जपानच्या तेराव्या शतकातल्या संग्रहात आहे. ती कोरियात आधीपासून होती की जपानी सत्तेच्या काळातल्या पाठ्यपुस्तकांतून रुजली, यावर तिथल्या अभ्यासकांत खरा वाद आहे. अशा वेळी ‘वादग्रस्त’ म्हणणं हाच प्रामाणिक निकाल.

भारतीय वाचकाने एक प्रश्न वेगळा ठेवावा. कथा जुनी असणं आणि घटना घडलेली असणं या दोन गोष्टी आहेत. आयुता देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक समुद्रमार्गे कोरियात येऊन तिथल्या राजा सुरोशी लग्न करते, ही कथा तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या कोरियन ग्रंथात आहे, म्हणजे अस्सल जुनी. पण ग्रंथात ‘आयुता’ आहे. ते आपलं अयोध्याच, हा नंतर लावलेला अर्थ. अयोध्येत तिचं स्मारक 2001 मध्ये झालं, पण ते काही त्या लग्नाचा पुरावा होत नाही.

मिशीच्या केसाची गोष्ट पुढे पाठवायची असेल, तर खाली असं लिहा: ‘1959 च्या इंग्रजी संग्रहात कोरियन म्हणून नोंदलेली, अशीच कथा इथिओपियाची म्हणूनही सांगतात.’ कोरियन संग्रहात सांगणाऱ्याच्या नावासह ती सापडली, तर ‘कोरियन लोककथा’ असं बिनदिक्कत लिहा आणि त्या नोंदीचा दुवाही जोडा.